रविवारची दुपार आणि एकच टेबल : घरच्या दुरुस्तीकामात मुलांना सामील करण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांना वस्तू उघडण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि काहीतरी जुळवत बसण्याचा जुना नाद आहे. रविवारची दुपार हा त्यांचा आठवड्यातला एकमेव मोकळा वेळ. त्यांची नऊ वर्षांची मुलगी नेमकी तेव्हाच शेजारी येऊन बसते, हत्यारांना हात लावते, प्रश्न विचारते, थोड्या वेळाने कंटाळते, आणि शेवटी रडारड होऊन दोघांचेही काम अर्धवट राहते. तिच्या हाती कोणत्या वयात काय द्यावे, विजेच्या कामाजवळ तिला कितपत येऊ द्यावे, बाजारातले तयार किट आणावे का, ड्रिल मशीन कधी द्यावे, आणि तिच्या आईला वाटणारी धास्ती रास्त आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी एका कारखान्यात विद्युत देखभालीचे काम अठ्ठावीस वर्षे केले आणि घरी त्याहूनही अधिक काळ हाच उद्योग चालवला. माझी थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा याच पसाऱ्यात वाढले. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे चुका करून कळलेले आहे.

तुमच्या वर्णनावरून मला जे दिसते ते असे, की आपले रखडलेले काम उरकणे आणि मुलीला काम शिकवणे या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच टेबलावर एकाच वेळी करू पाहत आहात. मीही पहिली चार वर्षे हेच केले. आपले मन बिघडलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये अडकलेले असते आणि मूल विचारते की हा लाल दिवा कशाचा. आपण तुटक उत्तर देतो, ते पुन्हा विचारते, आपण ‘थांब जरा’ म्हणतो, आणि असे सात-आठ वेळा झाले की त्या मुलाच्या लेखी हा नाद म्हणजे बाबांचे डोके गरम होण्याची जागा ठरते. यावर मी काढलेला तोडगा अगदी साधा होता. रविवारी सकाळी नाश्त्यानंतरचा एक तास मुलांचा असे, आणि त्या तासात टेबलावर माझी एकही वस्तू नसे. माझे काम मी ती झोपल्यावर किंवा खेळायला गेल्यावर करीत असे. एक तास थोडा वाटेल. परंतु नऊ वर्षांच्या मुलाचे लक्ष एका बारीक कामावर सलग चाळीस मिनिटे टिकले तरी ती मोठी गोष्ट समजावी.

त्या तासाचा माझा आणखी एक नियम होता, तो पाळणे मला फार जड गेले. हत्यार मुलाच्या हातात असेल तोवर माझे दोन्ही हात टेबलाखाली. तोंडाने सांगायचे, बोटाने दाखवायचे, पण हातातून पक्कड काढून घ्यायची नाही. अपवाद एकच, कोणाला इजा होण्याची शक्यता असेल तेव्हाचा. स्क्रूची खाच घासली जात असेल, काम वाकडे होत असेल, वस्तू कायमची बिघडणार असेल, तर तो अपवाद नव्हे. म्हणूनच सुरुवात अशा वस्तूपासून करावी जी बिघडली तरी कोणाचे काही जात नाही.

माझ्या मते अशी सर्वांत चांगली वस्तू म्हणजे बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ. ते दीड व्होल्टच्या एका सेलवर चालते, त्यामुळे विजेच्या धक्क्याचा प्रश्नच नाही. त्याचे मशीन, म्हणजे मागची ती काळी डबी, नवीन आणायचे झाले तरी शंभर रुपयांच्या आत मिळते. आणि त्याच्या पोटात जे दडलेले आहे ते मोठ्या माणसालाही गुंतवून ठेवील इतके सुंदर आहे. सेल काढावा, काच व चौकट सोडवावी, सेकंदकाटा दोन बोटांत धरून सरळ वर ओढावा, मग मिनिटकाटा आणि तासकाटा तसेच काढावेत, मधली पितळी चकती सोडवावी, आणि मशीन हातात आले की त्याच्या कडेच्या खाचांत नखाने किंवा बोथट टोकाने हलकेच दाब द्यावा. झाकण ‘टक्’ आवाज करून निघते आणि निम्म्या वेळा पांढरी चाके उडून टेबलाखाली जातात. म्हणून उघडण्यापूर्वी टेबलावर कडा असलेले ताट ठेवावे आणि झाकण त्या ताटातच उघडावे. ही सूचना मी पहिल्या घड्याळानंतर केली. पहिल्या घड्याळाचे एक चाक आम्हांला अजून सापडलेले नाही.

आत एक बारीक चंदेरी नळी दिसते, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी. तिच्यात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या अशी विचित्र का, हा प्रश्न मुलाने स्वतः विचारीपर्यंत वाट पाहावी. मग त्याला कागद-पेन्सिल द्यावी आणि ३२,७६८ चे निम्मे, त्याचे निम्मे, पुन्हा त्याचे निम्मे असे करीत जायला सांगावे. पंधराव्या खेपेस उत्तर नेमके १ येते, आणि घड्याळातली टिकलीएवढी चिप हेच निम्मे करण्याचे काम पंधरा वेळा करून दर सेकंदाला एक ठोका तयार करते. तो ठोका केसाहून बारीक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात जातो, त्या वेटोळ्याचे चुंबक होते, आणि मधले इवलेसे चुंबकी चाक अर्धा फेरा फिरते. पुढच्या सेकंदाला वीज उलट दिशेने येते आणि चाक उरलेला अर्धा फेरा पुरा करते. म्हणजे ते चाक दोन सेकंदांत एक फेरा मारते आणि सेकंदकाटा साठ सेकंदांत; तेव्हा मधल्या दात्यांनी वेग किती पट कमी केला असेल, हे चौथीतले मूलही तोंडी सांगू शकते. माझ्या मुलीने दात मोजून ते पडताळून पाहिले होते. त्यात तिची एक दाता मोजायची चूक झाली, तिचे उत्तर तीस येईना, आणि तिने चाके पुन्हा मोजली. त्या वेळी मी टेबलाखाली हात ठेवून गप्प बसलो, आणि मुलांच्या बाबतीत मी जे थोडेफार शहाणपण दाखवले त्यात ते गप्प बसणे मी वरच्या जागी ठेवतो.

दुरुस्तीच्या दृष्टीनेही घड्याळ चांगले गुरू आहे. सेकंदकाटा नऊच्या आकड्यापाशी अडून तिथल्या तिथे थरथरत असेल तर बहुधा सेल उतरलेला असतो, कारण काट्याला सगळ्यांत जास्त उचल तिथेच लागते. सेल नवा असूनही घड्याळ मुके असेल तर सेलच्या पत्र्यांवर साचलेला पांढरा-हिरवा थर पाहावा आणि पॉलिश पेपरने घासावा. वेटोळ्याची तार मात्र नख लागूनही तुटते. तशी तुटली की मशीन गेले. तेव्हा मुलाला रागावू नये, नवीन मशीन आणून काटे त्यालाच बसवू द्यावेत.

आता विजेविषयी, कारण आईची धास्ती मुख्यतः त्याचीच आहे, आणि ती पूर्ण रास्त आहे. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि ती कोणाचे वय विचारत नाही. सर्वप्रथम घरच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला आहे का ते पाहावे. नसेल तर दुरुस्तीचे हे सगळे प्रकरण पुढे ढकलून आधी परवानाधारक वायरमनकडून तो बसवून घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे. त्याच्यावरचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही हे बघण्याचे काम मुलीकडेच सोपवावे, मुले असली कामे आपल्यापेक्षा नेटाने करतात. पण त्यावर विसंबून बेफिकीर होऊ नये. जमिनीकडे गळणारी वीज तो ओळखतो. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि पायाखाली कोरडे लाकूड असले तर त्याला काहीच कळत नाही.

आमच्या घरात यासाठी एक नियम होता: ज्या वस्तूचे काम चालू आहे तिचा प्लग टेबलावर, दोघांच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे. बटण बंद केले आहे हे पुरेसे नाही, प्लग काढला आहे असे सांगणेही पुरेसे नाही. तो दिसला पाहिजे. हा नियम लहान मुलालाही कळतो, त्यात वाद घालायला जागा नसते, आणि मुख्य म्हणजे मूल तो आपल्यावरही लागू करते. एकदा इस्त्री उघडताना वायर माझ्या पाठीमागे होती, तर सात वर्षांच्या धाकट्याने ‘प्लग कुठाय?’ असे विचारून मला थांबवले होते.

या नियमात बसणारी कामे पुष्कळ आहेत. मिक्सरच्या मोटारीचे झिजलेले कार्बन (ब्रश) बदलणे, जार बसतो तिथला तुटलेला कपलर बदलणे, मिक्सर एकाएकी बंद पडला तर तळाशी असलेले लाल बटण दाबून पाहणे, इस्त्रीची तुटलेली वायर बदलणे, प्लगच्या आतले स्क्रू घट्ट करणे ही दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करता येण्यासारखी आहेत. मोठ्याने शेवटी प्रत्येक जोड ओढून पाहावा आणि मगच प्लग लावावा.

परंतु प्लग काढल्यावरही ज्यांच्या पोटात वीज उरते, अशा वस्तूंना मुलांनी हात लावू नये. मायक्रोवेव्ह ओव्हन हा त्यातला सर्वांत धोकादायक. त्याच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, दोन हजार व्होल्टच्या आसपास साठा राहू शकतो आणि तो मीही घरी उघडत नाही. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही, इन्व्हर्टर, संगणकाचा पॉवर सप्लाय आणि दिसायला निरुपद्रवी असा मोबाइलचा चार्जर हेही याच यादीत येतात; चार्जरमध्ये २३० व्होल्टचे एकाच दिशेने वाहणाऱ्या (डीसी) प्रवाहात रूपांतर झाले की ते जवळपास ३२५ व्होल्ट होतात. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोकदार वस्तूने भोसकली गेली तर पेट घेते, तेव्हा तिच्याशी खेळ नाही.

याहूनही एका गोष्टीची मला अधिक भीती वाटते, आणि विजेच्या धास्तीत ती सर्रास विसरली जाते. ती म्हणजे बटणाएवढे चपटे लिथियम सेल, खेळण्यांत आणि रिमोटमध्ये असतात ते. घरात मुलीहून लहान भावंड असेल तर हे सेल कुलपात ठेवावेत. असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. मूल बरे दिसते म्हणून वाट पाहत बसू नये आणि ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. थेट रुग्णालय गाठावे. छोट्या शक्तिमान चुंबकांचेही तसेच आहे: दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये चिमटून धरतात.

पंख्याचे काम मी मुद्दाम वेगळे काढले आहे, कारण घरात सर्वांत जास्त वेळा तेच निघते. पंखा हळू फिरू लागला, किंवा काठीने ढकलला तरच सुरू होतो, तर बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा असतो. पंख्याच्या मोटारीत दोन गुंडाळ्या असतात आणि त्यांतल्या एकीकडे जाणारी वीज कपॅसिटरमुळे जराशी आगेमागे होते. त्या आगेमागे होण्यातूनच फिरण्याची दिशा आणि जोर मिळतो. कपॅसिटर जुना होऊन कमकुवत झाला की तो जोर ओसरतो. त्याच्यावर २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरड असे काहीतरी आणि ४४० व्होल्ट असे छापलेले असते. तोच आकडा असलेला नवीन आणायचा, मोठा बसवला म्हणजे पंखा विमानासारखा पळेल, या समजुतीत राहू नये. हे शिकवायला छताचा पंखा घेण्यापेक्षा टेबल फॅन घ्यावा, म्हणजे प्लगचा नियम पाळता येतो. कपॅसिटरमध्ये साठा उरलेला आहे असे धरूनच चालावे आणि त्याच्या दोन टोकांना एकदम बोटे लावू नयेत.

छताच्या पंख्याला प्लग नसतो, म्हणून तिथे मुख्य पेटीतला एमसीबी, म्हणजे त्या भागाची वीज तोडणारा स्विच, पाडावा, त्यावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी चिकटवावी, आणि टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटवर लावून तो पेटतो हे पाहावे, मग पंख्याच्या तारांना लावावा, आणि शेवटी पुन्हा त्या चालू पॉइंटवर लावावा. मधल्या काळात टेस्टरच बिघडलेला नव्हता, हे त्यामुळे कळते. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिने खाली उभे राहून एमसीबीची राखण केली आणि आकडे वाचून दाखवले. शिडीवर मी होतो. पंख्याच्या वाटीतला जोड तिने प्रत्यक्ष केला तो पंधराव्या वर्षी. रिमोटवर चालणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यांना यातले काही लागू पडत नाही. त्यांत संपूर्ण इलेक्ट्रॉनिक मंडल असते.

तयार किटांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्यांत सगळे भाग मोजून दिलेले, भोके पाडून ठेवलेली आणि काय करायचे ते चित्रांत दाखवलेले असते. मूल तासाभरात ते जोडते, एकदा चालवते आणि खोके कपाटावर जाते. त्यापेक्षा दोन पेन्सिल सेल, सेल बसवायची डबी, काही पाच मिलिमीटरचे एलईडी, १०० आणि ४७० ओहमचे रोधक (वीज अडवणारे रेझिस्टर), एक छोटी मोटर, थोडी वायर आणि बीप वाजवणारा साधा मल्टिमीटर एवढे आणून ठेवावे. तीन व्होल्टवर लाल एलईडी लावताना १०० ओहम पुरतो, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर ४७० ओहम लागतो, आणि रोधक न लावता नऊ व्होल्ट थेट दिले तर एलईडी जळतो. एक-दोन एलईडी जळू द्यावेत. तो दोन-तीन रुपयांचा धडा आहे, आणि ओहमचा नियम त्याहून स्वस्तात कोणी शिकवत नाही.

पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, या खरेदीसाठी पुरेसे आहेत. मुलीला सोबत न्यावे आणि दुकानदाराशी तिलाच बोलू द्यावे. तिथे गर्दीच्या वेळी कोणाला थांबायला सवड नसते. जुना भाग हातात धरून ‘काका, असाच द्या, तीन पंधरा आहे’ असे एका दमात सांगता यावे लागते. माझ्या मुलाला पहिल्या वेळी तोंड उघडता आले नाही आणि आम्ही रिकाम्या हाताने बाहेर आलो. मी त्याच्या वतीने बोललो नाही. गल्लीच्या तोंडाशी उसाचा रस पिऊन तो पुन्हा आत गेला आणि कपॅसिटर घेऊन आला.

ज्यांना एवढाही खर्च करायचा नाही त्यांनी अरविंद गुप्ता यांचे काम पाहावे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या आणि पुण्यात टेल्कोत नोकरी करणाऱ्या या अभियंत्याने १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतल्या काड्या यांतून आकृत्या जोडण्याची पद्धत काढली. पुढे ते अनेक वर्षे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखवीत. काड्यांचा चौकोन करून तो दाबला की कलंडतो आणि त्रिकोण मात्र जागचा हलत नाही, हे सात वर्षांच्या मुलाच्या बोटांना कळले की पुढे लोखंडी पूल पाहताना त्याची नजरच बदलते. अडचण एवढीच की पुष्कळ नव्या सायकलींना आता मोटारसायकलसारखे व्हॉल्व्ह येतात, त्यामुळे ती नळी जुन्या सायकलवाल्याकडेच मिळते.

सोल्डरिंग, म्हणजे डाख देणे, मी दहाव्या वर्षानंतर शिकवतो. २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) घरकामाला पुरते. तिचे टोक ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, म्हणून तिला स्टँड हवाच, आणि खाली पडली तर झेलायला जायचे नाही, हे आधी थंड इस्त्री चार वेळा मुद्दाम पाडून शिकवावे. डोळ्यांवर साधा चष्मा असावा, कारण कापलेले तारेचे तुकडे उडतात. डाखासाठीचे कथील आणि शिसे यांचे नेहमीचे मिश्रण १८३ ते १९० अंशांना वितळते आणि काम सुबक होते. शिसे नसलेले २२७ अंशांच्या आसपास वितळते आणि नवशिक्याला जरा छळते, तरी लहान मुलांसाठी मी तेच आणतो. वर येणारा धूर मुख्यतः राळेचा असतो आणि तो दमा असलेल्यांना त्रास देतो, म्हणून खिडकी उघडी असावी. त्या टेबलावर चिवड्याची वाटी नको, आणि उठल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात प्रवेश नाही.

आता ज्या गोष्टीची मला आजही थोडी शरम वाटते ती सांगतो. धाकटा दहा वर्षांचा असताना गणपतीच्या आराशीत त्याला फिरता रहाट करायचा होता: विहीर, तिच्यावर चाक, चाकाला बारीक मडकी. मडक्यांऐवजी त्याने औषधाच्या बाटल्यांची बुचे गोळा केली होती, चाक पुठ्ठ्याचे कापले होते, आणि बारा व्होल्टची गिअर मोटर त्याला हवी म्हणून मी आणून दिली होती. प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री चाक अडकू लागले. त्याने मधले भोक हाताने पाडले होते, ते मध्यावर नव्हते, त्यामुळे एका बाजूला चाक कडेला घासायचे. तो झोपल्यावर मी ते काढले, प्लायवूडचे नवे चाक कापले, कानशीने कडा घासल्या, ॲडॅप्टर बदलला आणि दोन वाजता झोपलो. दुसऱ्या दिवशी रहाट दिमाखात फिरत होता. आरतीला आलेल्या मंडळींनी त्याचे कौतुक केले तेव्हा तो म्हणाला, ‘हा बाबांचा आहे.’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याने केवळ वस्तुस्थिती सांगितली होती. पुढच्या दोन वर्षी त्याने आराशीला हात लावला नाही.

त्या रात्री मी काय करायला हवे होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याला उठवून भोक मध्यावर नाही एवढे दाखवायचे आणि कंपासने मध्य कसा काढतात ते सांगायचे, किंवा काहीच न करता अडखळणारा रहाट तसाच ठेवायचा, हे दोनच मार्ग होते. दुसरा मला तेव्हा सुचलाच नाही, कारण पाहुण्यांसमोर अडखळणारा रहाट माझाच कमीपणा आहे असे मला वाटत होते. नादी माणसाची ही खरी अडचण असते. आपल्याला नीटनेटक्या कामाची चटक लागलेली असते आणि मुलाचे काम नीटनेटके नसते. त्याने पुन्हा हात घातला तो दिवाळीच्या किल्ल्यात. औषधाच्या दुकानातून नवीन सलाइनची नळी आणून, सुई काढून टाकून, त्याने खिडकीत ठेवलेल्या डब्यातून किल्ल्यावरच्या कारंज्याला पाणी आणले. नळीवरची चाकाची चिमटी हा त्याचा नळ. कारंजे डब्यातल्या पाण्याच्या पातळीपर्यंत का चढत नाही, यावरून त्याने डबा आधी खुर्चीवर, मग कपाटावर चढवला आणि निम्मा किल्ला अळिवासकट वाहून गेला. त्या वेळी मी बाहेरगावी होतो, ही त्याच्या दृष्टीने चांगली गोष्ट झाली.

मुलीला खोटे काम देऊ नये, हेही याच ओघात सांगतो. बिघडलेली वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा घरात वापरली गेली पाहिजे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथली मुले गावातल्या लोकांची खरी कामे करीत शिकतात. गिऱ्हाईक खरे असल्यामुळे जोड सैल राहिला तर तो लगेच कळतो. घरातले गिऱ्हाईक म्हणजे आजी. आजीच्या रेडिओचा सैल झालेला सेलचा पत्रा मुलीने वाकवून नीट केला आणि सकाळी सहाला रेडिओ लागला, तर त्याची सर कोणत्याही प्रशस्तिपत्राला नाही. नऊ वर्षांच्या मुलीला सायकलचे पंक्चरही काढता येते. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, जागा पॉलिश पेपरने खरवडायची, सोल्युशन लावायचे आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबून मग पॅच दाबायचा. मुले चुकतात ती थांबण्यात, म्हणून घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटे मोजायला लावावीत. टायरमध्ये काटा राहिला आहे का, हे आतून बोट हलकेच फिरवून पाहायचे काम मात्र आपण करावे.

पसाऱ्याविषयी घरात कुरबूर होणारच. आमच्याकडे तह असा झाला की उघडलेली वस्तू महिन्याभरात एकतर जोडली जाईल किंवा भंगारात जाईल, आणि एका वेळी एकच वस्तू उघडी राहील. स्क्रूंसाठी मी बर्फाचा ट्रे वापरतो. ज्या क्रमाने स्क्रू निघाले त्या क्रमाने एकेका खणात टाकायचे आणि उलट्या क्रमाने बसवायचे. तुमच्या मुलीला शेवटी जो कंटाळा येतो तो बहुधा जोडण्याच्या वेळी येत असावा. उघडणे मजेचे असते, जोडणे कष्टाचे, आणि कोणता स्क्रू कुठला हे आठवत नसेल तर ते छळाचे होते. तेव्हा एका बैठकीत सगळे जोडून झालेच पाहिजे असा हट्ट धरू नये. ट्रेवर झाकण ठेवून पुढच्या रविवारी बसावे.

ड्रिल मशीनविषयी विचारले आहे. माझ्या घरात ते बाराव्या वर्षापर्यंत मुलांच्या हाती दिले नाही. त्याआधी हाताने फिरवायचे गिरमिट, छोटी करवत आणि कानस यांवर दोन वर्षे हात बसू द्यावा. ड्रिल देताना केस बांधलेले, बाह्या वर दुमडलेल्या, ओढणी किंवा गळ्यातला दोरा काढलेला, डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे मुळीच नाहीत, कारण फिरत्या टोकात मोजा अडकला तर तो बोटासकट खेचला जातो. लाकडाचा तुकडा हाताने न धरता शिकंज्यात (व्हाइसमध्ये) आवळावा. पहिली दहा भोके टाकाऊ फळीवर पाडावीत. भिंतीत भोक पाडण्याची वेळ आली तर बटणाच्या बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नये, कारण वायरीचे पाइप सहसा तिथूनच गेलेले असतात.

घड्याळ येत्या रविवारी उघडायचे असेल तर ताट आजच शोधून ठेवा. कडा थोडी उंच असलेले घ्या.